गाडीतला रेडिओ मध्येच का बंद पडतो? नव्वद वर्षांची एक बग-लिस्ट

सॉफ्टवेअरमधल्या कुणालाही विचारा, सगळ्यात डोक्याला ताप देणारा बग कोणता? जो दर वेळी येतो तो नाही. तो बिचारा दोन तासांत सापडतो. जो मंगळवारी येतो, बुधवारी येत नाही आणि लीडला जागेवर बोलावून दाखवायला गेलं की मुळीच येत नाही, तो! मग तिकिटावर 'नॉट रिप्रोड्युसिबल' असं लिहून ते बंद होतं आणि महिन्याभराने क्लायंट पुन्हा तेच तिकीट उघडतो.

गाडीतला स्टीरिओ मध्येच बंद पडणं हा अगदी याच जातीचा बग. एका खड्ड्यात गाणं जातं, पुढच्या खड्ड्यात परत येतं. सर्व्हिस सेंटरच्या गुळगुळीत फरशीवर उभी केली की शहाण्या मुलासारखा वाजतो. जॉबकार्डावर शेरा पडतो, "तपासले, दोष आढळला नाही". वाहन उद्योगात या शेऱ्याला 'नो ट्रबल फाउंड' असं भारदस्त नावही आहे. आपल्याकडचं 'माझ्या मशीनवर तर चालतंय' ते हेच. त्यानंतर साधारण दोन गोष्टी होतात. एकतर गिऱ्हाईक वेडं ठरतं, नाहीतर अख्खा स्टीरिओ बदलून पाच आकडी बिल हातात येतं. आणि खड्डा आला की नवा स्टीरिओसुद्धा बंद पडतो.

या एका तक्रारीचा मागोवा घेत मागे मागे गेलो तर थेट 1930 साली पोचलो. कार रेडिओचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी आवाज मध्येच जाऊ नये म्हणून केलेल्या खटपटींचा इतिहास आहे. आणि गंमत अशी की प्रत्येक पिढीने आधीचं कारण बंद केलं, पण त्या उपायातूनच पुढच्या पिढीचं कारण आत शिरलं.

तर सुरुवात शिकागोपासून. पॉल गॅल्विन आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी 1928 साली, एका दिवाळखोर कंपनीकडून 'बॅटरी एलिमिनेटर'चा धंदा विकत घेऊन गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन सुरू केली. बॅटरीवर चालणारा घरचा रेडिओ विजेच्या प्लगवर चालवायचं हे यंत्र. पण थोड्याच काळात थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले, त्यात 1929 ची मंदी आली आणि या यंत्राला कुणी विचारेना. धंदा वाचवायला काहीतरी नवीन हवं होतं. गाडीत रेडिओ बसवण्याची कल्पना गॅल्विनची नव्हे, हौशी लोक आधीही बसवत होतेच. पण तो परवडेल, टिकेल आणि कुठल्याही गाडीत बसेल असा बनवायचा होता. जून 1930 मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन भरलं. गॅल्विनकडे स्टॉलचे पैसे नव्हते. तो आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून शिकागोहून तिथे गेला, गाडी बाहेर उभी केली आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकवत बसला. ऑर्डरी मिळाल्या. मोटार आणि 'ओला' (तेव्हाच्या व्हिक्ट्रोला वगैरे नावांतलं शेपूट) जोडून नाव झालं मोटोरोला. किंमत 110 ते 130 डॉलर. तेव्हा अख्खी नवी फोर्ड साडेपाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती!

कंपनीची एक आख्यायिकाही आहे. कर्ज मंजूर व्हावं म्हणून गॅल्विनच्या माणसांनी बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला म्हणे. कर्ज अर्थातच मिळालं नाही. तिखटमीठ किती लागलंय कोण जाणे, पण त्या काळातलं वायरिंग डोळ्यासमोर आणलं तर अशक्य काहीच वाटत नाही.

आता या पहिल्या पिढीचा बग बघा. रेडिओ टेबलावर उत्तम वाजायचा, गाडीत बसवल्यावरही वाजायचा. इंजिन सुरू केलं की गाणं गायब आणि नुसता खरखराट! कारण सोपं आहे, पण मला भारी आवडतं. हर्ट्झने 1880 च्या दशकात रेडिओलहरी निर्माण केल्या त्या विजेच्या ठिणगीतून. मार्कोनीचे सुरुवातीचे ट्रान्समीटर ठिणगीचेच आणि 1895 साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी केलेल्या प्रात्यक्षिकातही ठिणगीच होती. आणि पेट्रोल इंजिन म्हणजे काय? ठिणग्यांचा कारखाना. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 100 ठिणग्या पडतात. म्हणजे रिसीव्हरपासून तीन फुटांवर एक चालू ट्रान्समीटर ठेवलाय आणि वर अपेक्षा अशी की पन्नास मैलांवरचं स्टेशन स्वच्छ ऐकू यावं.

उपाय शोधणाऱ्यांनी काय केलं, तर एकेक ठिणगी पकडली. स्पार्क प्लगच्या वायरमध्ये काही हजार ओहमचे रेझिस्टर घातले, डिस्ट्रिब्यूटरवर एक, डायनॅमोवर कपॅसिटर, बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या पट्ट्या. एवढं करूनही कोरड्या हवेत वेगाने जाताना खरखर यायची आणि ब्रेक दाबला की थांबायची. या 'ब्रेक दाबला की थांबते' वरूनच चोर सापडला. टायर रस्त्यावर घासून स्थिर वीज तयार होत होती आणि पुढच्या चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस तिला गाडीच्या बॉडीकडे जाऊ देत नव्हतं. ब्रेक दाबल्यावर तिला दुसरी वाट मिळायची. मग चाकाच्या टोपणाखाली एक छोटी स्प्रिंग बसवायला लागले. आजही आपल्या गाडीच्या किंवा बाइकच्या स्पार्क प्लगवरचा कोड वाचलात तर बहुतेक वेळा त्यात 'आर' सापडेल. तो रेझिस्टरचा आर. ती 1930 ची बग-फिक्स आजही प्रॉडक्शनमध्ये आहे!

पुढचा बग मात्र माझा सगळ्यात लाडका आहे, म्हणून थोडा वेळ इथे थांबतो.

व्हॉल्व्हच्या रेडिओला दोनेकशे व्होल्ट डीसी लागायचे आणि गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. सुरुवातीला लोक पायाखालची फळी काढून तिथे जादा बॅटऱ्या ठेवत. त्या चार्ज होत नसत, संपल्या की फेकायच्या. 1932-33 च्या सुमारास यावर तोड निघाली, व्हायब्रेटर. एका डबीत पोलादाची पातळ पट्टी, शेजारी चुंबक. पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा मागेपुढे थरथरते आणि दर वेळी बॅटरीचा प्रवाह तोडते-जोडते. तोडजोड झाली की ट्रान्सफॉर्मर चालतो, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, मग ते पुन्हा डीसी करून घ्यायचं. आजच्या भाषेत स्विच-मोड पॉवर सप्लाय, फक्त मॉसफेटच्या जागी एक थरथरणारी पट्टी. जुन्या रेडिओतून गाण्याबरोबर जी हलकी घूं ऐकू येते ती हीच.

सेकंदाला शंभर म्हणजे तासाला साडेतीन लाखांहून जास्त वेळा संपर्क जुळायचा आणि तुटायचा. कॉन्टॅक्ट जळायचे, खड्डे पडायचे, मधूनच चिकटायचे. रेडिओ एकदम गप्प. मग ड्रायव्हर काय करायचा? डॅशबोर्डला एक बुक्की! पट्टी सुटायची, गाणं सुरू. यंत्राला थापट मारून चालू करायची आपली जी जागतिक परंपरा आहे, तिला इथे तरी शास्त्रीय आधार होता म्हणायचा. हा भाग बिघडणार हे उत्पादकांनी मुळातच धरलं होतं, म्हणून तो व्हॉल्व्हसारखा खाचेत खोवलेला असायचा. उपटा, नवा टाका, चला.

पण यात एक मेख होती. नवा व्हायब्रेटर टाकलेला रेडिओ काही दिवसांत पुन्हा त्याच तक्रारीने दुकानात यायचा. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला एक 'बफर कपॅसिटर' असायचा. संपर्क तुटताना उसळणारा व्होल्टेज गिळून टाकणं हे त्याचं काम. तो म्हातारा झाला की संपर्कांवर ठिणग्या पडायला लागतात आणि व्हायब्रेटर जळतो. म्हणजे बिघाड दिसतो व्हायब्रेटरमध्ये आणि असतो कपॅसिटरमध्ये. नुसता व्हायब्रेटर बदलणारा मेकॅनिक नव्या व्हायब्रेटरचं मरण पुढे ढकलत होता इतकंच. आज जुने रेडिओ दुरुस्त करणारे हौशी लोक व्हायब्रेटरला हात लावायच्या आधी तो कपॅसिटर डोळे झाकून बदलतात. सर्व्हर रोज मरतो म्हणून रोज रीस्टार्ट करायचा क्रॉन जॉब लावणाऱ्या मंडळींनी इथे थोडा विचार करायला हरकत नाही. :-)

व्हायब्रेटरला संपवलं ट्रान्झिस्टरने. फिल्को आणि क्रायस्लर यांनी 1955 साली पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ जाहीर केला, किंमत 150 डॉलर. ट्रान्झिस्टर बॅटरीच्या व्होल्टेजवरच चालतो, त्यामुळे व्होल्टेज वाढवायची भानगडच नको. व्हायब्रेटर गेला, तापणारे व्हॉल्व्ह गेले, सेट गरम व्हायची वाट बघणं गेलं. त्याच दशकात गाड्याही सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. वाटलं, संपलं आता.

कसलं संपतंय! आता लोकांना गाडीत हवं ते गाणं हवं होतं आणि हवं ते गाणं म्हणजे पुन्हा हलणारे भाग. क्रायस्लरने 1956 च्या गाड्यांत चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला, 'हायवे हाय-फाय' नावाचा. मिनिटाला 16 आणि दोन-तृतीयांश फेरे, सात इंची खास तबकड्या. खड्ड्यांच्या रस्त्यावर सुई. पुढे काय झालं हे सांगायला हवं का? काही वर्षांत तो गेला.

मग आला एट-ट्रॅक. गॅल्विनच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याच्याबरोबर काम केलेल्या विल्यम लिअरनेच 1964 च्या सुमारास तो आणला (लिअरजेट विमानंवाला तोच) आणि फोर्डने 1966 च्या मॉडेलांत घेतला. यात फितीचं न संपणारं वेटोळं असायचं. फितीवर आठ ट्रॅक, दोन-दोनच्या चार जोड्या. एक फेरी संपली की फितीवरचा धातूचा तुकडा सरकिट जोडायचा, हेड खटकन सरकायचं आणि पुढची जोडी सुरू. चारही भागांची लांबी सारखी असणं भाग, पण गाणी काही त्या मापाची नसत. त्यामुळे कित्येकदा गाणं मध्येच हळू हळू विरून जायचं, 'खटॅक', आणि उरलेलं गाणं पुन्हा हळू हळू वर यायचं. आवाज मध्येच जाणं हे इथे स्पेसिफिकेशनमध्येच होतं!

कॅसेट फिलिप्सने 1963 मध्ये आणली आणि पुढे गाड्यांमध्ये तिनेच राज्य केलं. तिच्या आजाराबद्दल काय बोलणार, तुमच्या बाबांना विचारा. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण 18 मायक्रॉन जाड, नव्वदची 12 आणि एकशेवीसची 9. जास्त गाणी मावतात म्हणून लोक लांब कॅसेट घ्यायचे आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ती पातळ फीत रोलरला गुंडाळली जायची. मग पेन्सिल, मग शिव्या.

सीडीची गोष्ट जरा वेगळी. पायोनियरने 1984 मध्ये गाडीसाठी सीडी प्लेअर आणला. 1.6 मायक्रॉन अंतरावरच्या रेषांवर लेझर रोखून धरायचा आणि तेही स्पीडब्रेकरवरून जाताना. स्प्रिंगा, रबर, तेलाचे डॅम्पर सगळं वापरून झालं. खरा उपाय निघाला तो मेमरी स्वस्त झाल्यावर. ड्राइव्ह गाण्यापेक्षा वेगाने वाचते, पुढचे काही सेकंद मेमरीत साठवते आणि आपण ऐकतो ते मेमरीतलं. सीडीचा ऑडिओ सेकंदाला 1.4 मेगाबिटच्या आसपास असतो, म्हणजे 16 मेगाबिटच्या चिपमध्ये जवळपास 12 सेकंद मावतात. तेवढ्यात लेझरला आपली जागा पुन्हा सापडते. धक्का बसतच राहतो, फक्त ऐकणाऱ्याला कळत नाही. मोबाइलवर गाणं बफर होतं ते यापेक्षा वेगळं काही नाही.

एव्हाना स्टीरिओच्या आतले बरेच दोष खरंच कमी झाले होते. म्हणून आता गुन्हेगार घराबाहेर सापडायला लागले, वायरिंगमध्ये आणि चक्क संरक्षणात.

पूर्वी कित्येक गाड्यांत स्पीकरची एक वायर थेट बॉडीला जोडलेली असायची. वायर वाचायची. नंतर बारा व्होल्टमधून जास्त ताकद काढण्यासाठी स्टीरिओत ब्रिज पद्धतीचे अॅम्प्लिफायर आले. त्यात स्पीकरच्या दोन्ही वायरी 'गरम' असतात, कुठलीच बॉडीला लागता कामा नये. लागली तर चिप जळेल, म्हणून चिपमध्येच संरक्षण घातलं. शॉर्ट झालं की गप्प, फार तापलं की गप्प, व्होल्टेज चढलं की गप्प. उपाय चांगलाच आहे. पण आता दरवाज्याच्या बिजागरीपाशी रोज दुमडून सोललेली एक वायर पत्र्याला टेकली की चारही स्पीकर बंद आणि स्टीरिओ मात्र झगमगत चालू! मालकाला वाटतं सेट गेला. सेट तर स्वतःला वाचवतोय.

म्हणून या तक्रारीत पहिला प्रश्न एकच विचारायचा: आवाज जातो तेव्हा डिस्प्लेही जातो का? डिस्प्ले चालू आणि आवाज नाही, तर स्पीकरच्या वायरी बघा. चारही सोडवा आणि एकेक जोडत जा. दरवाजा उघड-बंद करून फरक पडला तर अर्धं काम झालं. डिस्प्लेही गेला तर सप्लाय नाहीतर अर्थिंग. सेट पुन्हा चालू झाल्यावर घड्याळ आणि स्टेशनं विसरला असेल, तर मेमरीची कायमची पिवळी वायर किंवा काळी अर्थची वायर. घड्याळ बरोबर असेल, तर चावीबरोबर चालू होणारी लाल. (बाजारातल्या सेटचे हे नेहमीचे रंग. कंपनीच्या वायरिंगचा मात्र भरवसा नाही. प्रमाण आयएसओ जोडणीतसुद्धा काही कंपन्या पिवळ्या-लालच्या जागा उलट ठेवतात.) आणि फक्त एफएम जात असेल, ब्लूटूथ नीट चालत असेल, तर सेट उघडायच्या आधी अँटेना. मल्टिमीटर लावायचा तो आवाज मोठा करून, सेट चालू असताना. बंद सेटवर लूज अर्थसुद्धा बारा व्होल्टच दाखवतो.

यातला कुठलाच प्रश्न 'काय बिघडलंय' असा नाहीये. सगळे 'सोबत काय होतं' असे आहेत. ब्रेक दाबल्यावर थांबणारी खरखर शोधणाऱ्यांनी हेच विचारलं होतं.

2001 च्या सुमारास महागड्या गाड्यांमध्ये 'मोस्ट' नावाचं ऑप्टिकल फायबरचं जाळं आलं. रेडिओ, अॅम्प्लिफायर, फोन सगळे एका रिंगणात. ठिणग्यांचा त्रास नाही, जाडजूड वायरी नाहीत. पण रिंगणातलं एक खोकं झोपलं की सगळंच शांत, दिवाळीतल्या सीरिजच्या माळेसारखं. दुरुस्ती करणारेही माळेसारखीच करतात: एकेक खोकं बाजूला काढून तिथे फायबरचा छोटा तुकडा जोडायचा आणि आवाज कधी येतो ते बघायचं.

आणि या यादीतली माझ्या धंद्याच्या सगळ्यात जवळची नोंद आहे जानेवारी 2022 ची, अमेरिकेतल्या सिअॅटलची. तिथे 2014 ते 2017 च्या काही माझदा गाड्यांची अख्खी ऑडिओ सिस्टीम अचानक पुन्हा पुन्हा रीबूट व्हायला लागली. ब्लूटूथ बंद, नकाशा बंद, मागचा कॅमेरा बंद. वायरी ठीक, अर्थ ठीक, फ्यूज ठीक. नव्या युनिटची किंमत सुमारे 1500 डॉलर. एकेकटी गाडी वर्कशॉपमध्ये बघून यातलं काहीच कळलं नसतं. पण तक्रारी एकत्र आल्यावर दिसलं की हे सगळे लोक एकच स्टेशन ऐकत होते, केयूओडब्ल्यू, 94.9 एफएम. एचडी रेडिओत आवाजाबरोबर चित्रंही पाठवता येतात. स्टेशनने पाठवलेल्या काही चित्रांच्या फाइलनावाला एक्स्टेन्शन नव्हतं, 'डॉट जेपीजी' वगैरे काहीच नाही. गाडीतल्या जुन्या सॉफ्टवेअरने ते गृहीत धरलं होतं.

स्टेशन बदलायला गेलं तर बदलता येईना, कारण बटणं ऐकणारं सॉफ्टवेअरच रीबूटमध्ये अडकलेलं. माझदाने युनिट फुकट बदलून द्यायची तयारी दाखवली, पण सुटे भाग यायला उशीर होता. तोवर त्या गाड्यांत एकच स्टेशन लागत होतं: 94.9.